खालच्या मजल्यावरच्या काकांना, 'फ्लूगी'साठी मनापासून थँक्यू

काका, समोर बसून हे बोलता आलं नसतं, तुम्ही लगेच विषय बदलून चहा टाकायला उठला असतात, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

आमच्या ग्रुपच्या कार्यक्रमासाठी मी स्लिम गेलार्ड आणि स्लॅम स्ट्युअर्ट या अमेरिकन जॅझ जोडीचं 1938 चं 'फ्लॅट फूट फ्लूगी' निवडलं, आणि विनोदी गाणं म्हणून तोंडं वाकडी करून म्हणायला लागले. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत आणि मग फक्त मूळ रेकॉर्ड लावलीत, म्हणालात शब्द राहू दे, 'बास' ऐक, म्हणजे ते खर्जातलं मोठं तंतुवाद्य. तो स्लॅम गजाने बास वाजवतोय आणि तेच सुर एक सप्तक वर स्वतः गुणगुणतोय, कुठेही कणसुर नाही, आणि हे सगळं 'फ्लॉय फ्लॉय' असल्या शब्दांच्या गाण्यात! त्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ही माणसं गंमत करतायत पण गाणं अजिबात गंमतीवारी घेत नाहीयेत.

मग आठवडाभर चाल नाहीच, नुसती पढंत, म्हणजे तालात बोल म्हणणं. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी, आणि तोंडाने फ्लॉय फ्लॉय, तबल्याचे बोल घोकावेत तसं. बाकी कुणी एवढा वेळ दिला नसता हो.

आणि त्या गप्पा! या गाण्यातली 'जाइव्ह' भाषा म्हणजे काहीतरी बडबड असंच मला वाटायचं, तुम्ही सांगितलंत की ती न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या कृष्णवर्णीय वादकांची आपापसातली बोली, आणि गायक-बँडलीडर कॅब कॅलोवेने 1938 मध्ये तिचा चक्क शब्दकोश काढला. 'फ्लूगी' मुळात 'फ्लूझी' (म्हणजे उठवळ बाई) होतं, तो शब्द चालण्यासारखा नव्हता म्हणून बदलला. आणि याच गाण्याची स्वरलिपी न्यूयॉर्कच्या 1939 च्या जागतिक प्रदर्शनासाठी पुरलेल्या टाइम कॅप्सूलमध्ये (भविष्यातल्या लोकांसाठी वस्तू ठेवलेली बंद पेटी) आहे, 5000 वर्षांनी उघडायची, फिनलंडच्या संगीतकार सिबेलियसच्या 'फिनलंडिया'च्या शेजारी!! हे ऐकून मी रात्री झोपले नाही खरंच.

आपल्या सी. रामचंद्रांच्या 'ईना मीना डीका'कडे पण आता मी वेगळ्या कानाने बघते. 1957 चं गाणं, लहानपणापासून पाठ, पण त्यातला स्विंग, म्हणजे जॅझची ती झुलती लय, तुम्ही टाळी देऊन दाखवेपर्यंत कधी जाणवलाच नव्हता.

कार्यक्रमात लोक हसले काका, अगदी जिथे हसायला हवं तिथेच, कारण या वेळी मी चेहरा सरळ ठेवला आणि शब्द तालावर टाकले. शेवटच्या रांगेतून एकच टाळी दोन-चारवर पडत होती ती कुणाची हे मला स्टेजवरून कळलं.

तुमची वही माझ्याकडेच आहे, रविवारी आणून देते. आणि पुढचं स्लिमचंच 'सिमेंट मिक्सर' गाणं घेऊया ना? पढंत आत्तापासून सुरू केलीये.