मूल हवे असलेल्या जोडप्यांना वंगण जेलबद्दल खरे काय ते सांगा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे औषधांचे दुकान आहे. फार्मसीचे शिक्षण घेऊन मी काउंटरवर स्वतः उभी राहते. समोर बाई आहे म्हटल्यावर गावातल्या आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या बायका जे इतर कुठे विचारू शकत नाहीत ते माझ्याकडे विचारतात. दुकानातले पुरुष गिऱ्हाईक निघून गेले की आवाज खाली आणून एक प्रश्न हमखास येतो: "ताई, डॉक्टरांनी तारखा दिल्यात, पण फार दुखतं. जेल लावलं तर चालेल का? का त्यानं दिवस राहत नाहीत?"

संबंधांच्या वेळी कोरडेपणाने दुखू नये म्हणून लावायच्या वंगण जेलबद्दलचा हा प्रश्न मी आपल्यापुढे मांडते आहे, कारण त्याचे सरळ उत्तर मराठीत छापलेला एकही सरकारी कागद आजवर माझ्या हाती आलेला नाही. कुटुंब नियोजनाची पत्रके भरपूर आली, त्यांत मूल कसे टाळावे ते नीट सांगितले होते. ज्यांना मूल हवे आहे त्यांना मात्र शेजारीण, जाऊबाई आणि मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ यांच्या भरवशावर सोडून दिले आहे.

'तारखा' म्हणजे काय, हे या घरांमध्ये डोकावल्याशिवाय कळत नाही. नवरा पुण्याला कंपनीत, शनिवारी रात्री येतो आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने परत जातो. सोनोग्राफी करून डॉक्टर सांगतात की अमुक दोन दिवस संबंध चुकवू नका. प्रवासाने थकलेला माणूस, पलीकडच्या खोलीत सासू-सासरे, डोक्यावर त्या दिवसाचे ओझे. अशा वेळी शरीर साथ देईलच कसे? त्यात बीज तयार होण्यासाठी दिल्या जाणाऱ्या क्लोमिफेनच्या गोळीने कोरडेपणा येऊ शकतो आणि गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्रावही कमी आणि घट्ट होऊ शकतो. अंगावर पाजणाऱ्या, दुसऱ्या मुलाचा विचार करणाऱ्या बायकांनाही हा त्रास होतो. म्हणजे कोरडेपणा हा बाईचा दोष नाही, मनात नसल्याची खूणही नाही. पण घरात त्याचा अर्थ तसाच लावला जातो आणि बाई दात-ओठ खाऊन सहन करते. काहींना पुढे इतकी भीती बसते की त्या तारखाच टाळू लागतात. मग महिना वाया जातो आणि बोल पुन्हा तिलाच.

आता प्रश्नाचे उत्तर. जेल शुक्राणूंना मारते ही समजूत हवेतून आलेली नाही. प्रयोगशाळेत शुक्राणू अशा जेलमध्ये मिसळून ठेवले तर त्यांची हालचाल मंदावते, हे १९७०च्या दशकापासून वेगवेगळ्या संशोधकांनी पाहिले आहे. बाजारातल्या काही नावाजलेल्या पाण्यावर आधारित जेलमध्ये तासाभरात ही हालचाल ६० ते १०० टक्क्यांनी घटल्याची नोंद अमेरिकेतल्या प्रजनन वैद्यक संस्थेच्या मार्गदर्शक पत्रात आहे. कारण समजण्यासारखे आहे. ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल असे घटक जास्त असले की जेल वीर्यापेक्षा कितीतरी दाट, म्हणजे विरघळलेले घटक जास्त असलेले, द्रावण बनते आणि शुक्राणूतले पाणी बाहेर ओढून घेते. वीर्य किंचित अल्कधर्मी असते, तर योनीला मानवावे म्हणून पुष्कळ जेल आम्लधर्मी बनवलेली असतात. तेही शुक्राणूंना सोसत नाही. घरोघरी वापरली जाणारी लाळसुद्धा प्रयोगशाळेत शुक्राणूंना मंद करते.

पण काचेच्या नळीत घडते तेच शरीरात घडते असे नाही. नळीत शुक्राणू जेलमध्ये बुडून राहतात, सुटायला जागा नसते. शरीरात वीर्य थेट गर्भाशयाच्या तोंडाशी पडते आणि पुढे जाणारे शुक्राणू काही मिनिटांत तिथल्या स्रावात शिरतात. म्हणून खरा प्रश्न असा की जेल वापरणाऱ्या बायकांना दिवस राहायला जास्त वेळ लागतो का. तेही पाहून झाले आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात ३० ते ४४ वयाच्या, नुकतेच प्रयत्न सुरू केलेल्या २९६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २०१८ मध्ये उत्तर अमेरिका आणि डेन्मार्कमधल्या सहा हजारांहून अधिक स्त्रियांचा आला. दोन्हींत जेल वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या स्त्रियांच्या गर्भ राहण्याच्या शक्यतेत म्हणण्याजोगा फरक दिसला नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बाईला मी स्पष्ट सांगते: दुखत असेल तर साधे जेल थोडेसे वापर, तेवढ्याने कूस उजवायची राहत नाही. जेल टाळण्याच्या नादात संबंधच टळले, तर नुकसान नक्की आहे. ओव्ह्युलेशनचा, म्हणजे बीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच दिवस, एवढाच काय तो दिवस राहण्याचा काळ असतो. आणि प्रत्येक वेळी दुखतच असेल तर डॉक्टरला दाखवायलाच हवे, कारण त्यामागे जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे) किंवा स्नायू घट्ट आवळले जाण्याचा त्रास असू शकतो.

हे उत्तर सर्वांना सारखे नाही, तेही मी सांगते. त्या अभ्यासांतल्या स्त्रिया वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या नव्हत्या. नवऱ्याच्या वीर्यात शुक्राणू मुळातच कमी किंवा मंद असतील, वर्षभर प्रयत्न करून यश आले नसेल, तर शुक्राणूंना बाधक नाही अशी चाचणी झालेलेच जेल घ्यावे. आणि इथेच माझी अडचण सुरू होते, कारण असे जेल कोणते हे डबीवरून ओळखताच येत नाही.

माझ्या फळीवरच्या डब्या मी एक एक करून वाचल्या आहेत. घटक इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. द्रावण किती दाट, आम्लता किती, याचा पत्ता नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्येच कंडोमसोबत वापरायच्या जेलसाठी या दाटपणाची मर्यादा सुचवली होती: शक्यतो ३८०, फार तर १२०० मिलिऑस्मोल प्रतिकिलो (द्रावणात विरघळलेले कण मोजण्याचे एकक). अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तर शुक्राणू, स्त्रीबीज आणि भ्रूण यांना चालणाऱ्या जेलचा वेगळा वर्गच केला आहे. त्या वर्गात बसायचे तर मानवी शुक्राणूंवर आणि उंदराच्या भ्रूणांवर तपासणी करून दाखवावी लागते. आपल्याकडे डबीवर 'फर्टिलिटी फ्रेंडली' छापलेले दिसते तेव्हा त्यामागे कोणती तपासणी आहे, हे गिऱ्हाइकाला सोडाच, मला विक्रेतीलाही कळायला मार्ग नाही. असे जेल वापरल्याने गर्भ लवकर राहतो, असेही कुठे सिद्ध झालेले नाही. तरीही साध्या जेलच्या कितीतरी पट पैसे मोजून लोक ते आशेने नेतात. उपचारांसाठी आधीच दागिने मोडलेल्या घरातून हे पैसे येतात, याचे मला फार वाईट वाटते.

याच्या उलट बाजूचा धोका आणखी मोठा आहे. नोनॉक्सिनॉल-९ हे शुक्राणू मारण्यासाठीच बनवलेले रसायन आहे, ते गर्भनिरोधक म्हणून विकले जाते. ते असलेली वस्तू मूल हवे असलेल्या घरात जाता कामा नये, आणि त्यासाठी मराठीत एक ठळक ओळ पुरेशी आहे. दुसरी गोष्ट लिग्नोकेन जेलीची. लघवीची नळी घालताना वापरली जाणारी ही स्वस्त ट्यूब 'जेल' म्हणून सर्रास मागितली जाते. ते बधिर करण्याचे औषध आहे. त्याने दुखणे झाकले जाते, दुखण्याचे कारण तसेच राहते. मी ती या कामासाठी देत नाही.

महोदय, या सगळ्यात मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी बाब वीर्य तपासणीची आहे. संबंधांच्या वेळी जेलने फरक पडत नसला, तरी नमुन्याच्या बाबतीत तो हमखास पडू शकतो, कारण तिथे शुक्राणू त्या डबीतच अडकून असतात, अगदी प्रयोगशाळेतल्या नळीसारखे. तेल, साबण, जेल, लाळ यांपैकी काहीही नमुन्यात मिसळले की हालचाल घटलेली दिसू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या नियमावलीत एकूण हालचालीची, म्हणजे हलणाऱ्या शुक्राणूंच्या प्रमाणाची, खालची संदर्भ मर्यादा ४२ टक्के आहे. निरोगी माणूससुद्धा नमुना घेताना वापरलेल्या साबणामुळे या रेषेखाली जाऊ शकतो. मग त्या कागदावर उपचार उभे राहतात, नवरा-बायको एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात, आयव्हीएफची भाषा सुरू होते.

माझ्याकडे असे अहवाल घेऊन लोक येतात. नमुना कसा दिला असे विचारले की पुरुष खाली बघतात. कोणी लॅबच्या संडासात दिलेला असतो, हात धुवायचा साबण जवळ होता म्हणून तो वापरलेला असतो. कोणी घरून तेल लावून घेतलेला नमुना दोन तास बसमधून आणलेला असतो, जो खरे तर तासाभराच्या आत पोचायला हवा. आधी दोन ते सात दिवस संबंध नकोत, काहीही लावू नका, नमुना सांडला तर सांगा, एवढे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. असा अहवाल पाहिला की मी एकच सुचवते: पुढच्या उपचाराचा एक रुपयाही भरण्याआधी नीट पद्धतीने तपासणी पुन्हा करा.

म्हणून माझी पहिली मागणी याचीच. राज्यातल्या प्रत्येक सरकारी आणि खासगी लॅबमध्ये, जिथे वीर्याचा नमुना घेतला जातो त्या खोलीत, भिंतीवर मोठ्या अक्षरांत मराठी सूचना लावणे बंधनकारक करा. नमुना देताना काही लावले होते का, हा प्रश्न अहवालाच्या अर्जावरच छापा. याला ना नवी इमारत लागते, ना यंत्र.

त्यानंतर आशाताई आणि ग्रामीण रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागासाठी अर्ध्या पानाचे पत्रक काढा. त्यात जेलबद्दल वर लिहिले तेवढेच, घाबरवल्याशिवाय, लिहा. १०४ क्रमांकावर सल्ला देणाऱ्यांनाही ते द्या. आशाताई लाजतील असे आपल्याला कोणी सांगेल, पण त्यावर विश्वास ठेवू नका. पाळी, गर्भपात, गुप्तरोग या सगळ्यांवर त्या वर्षानुवर्षे दारोदार बोलत आल्या आहेत. त्यांच्या हातात बरोबर माहितीचा कागद तेवढा नाही.

डबीवरच्या छपाईचा विषय अन्न व औषध प्रशासनाचा आणि काही अंशी केंद्राचा आहे, याची मला कल्पना आहे. म्हणून या पत्राची प्रत मी त्या खात्याच्या मंत्र्यांनाही देत आहे. दाटपणा, आम्लता आणि शुक्राणूंवर परिणाम तपासला आहे की नाही, या तीन गोष्टी मराठीत छापल्याशिवाय 'गर्भधारणेस अनुकूल' असा दावा करता येऊ नये, अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी. तोपर्यंत निदान असा दावा करणाऱ्या कंपन्यांकडून तपासणीचे कागद मागवून ते लोकांसमोर ठेवावेत. मला आणि माझ्यासारख्या हजारो दुकानदारांना ते वाचून गिऱ्हाइकाला खरे सांगता येईल.

या पत्रकाचा मसुदा करायला आपल्या विभागाला काउंटरवरचा अनुभव हवा असेल, तर मी दुकान बंद ठेवून मुंबईला यायला तयार आहे.

आपली विश्वासू,
एक औषधविक्रेती, सातारा जिल्हा

प्रत: मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य