मदत मागायची ती पहिल्याच अर्जात

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

पदवी शिक्षणासाठी मुलांना अमेरिकेला पाठवण्याची चौकशी हल्ली अमळनेर, चोपडा, यावल या भागांतील पालकही करू लागले आहेत. मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो असल्यामुळे त्यांतील काही जण अर्ज तपासून घेण्यासाठी माझ्याकडे येतात, आणि बहुतेकांना एजंटाने एकच सल्ला दिलेला असतो : “अर्जात आर्थिक मदत मागू नका, प्रवेशाची शक्यता कमी होते, मदतीचे नंतर बघू.”

या सल्ल्याचा पहिला भाग अर्धा खरा आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन अशी मोजकीच महाविद्यालये परदेशी विद्यार्थ्याचा प्रवेश ठरवताना त्याची ऐपत विचारात घेत नाहीत आणि निवड झाल्यावर त्याची पूर्ण आर्थिक गरज, म्हणजे घरच्यांना न झेपणारा सगळा खर्च, भागवतात. स्टॅनफर्ड, विल्यम्स, ग्रिनेल यांसारख्या ठिकाणीही निवडलेल्याची पूर्ण गरज भागवली जाते, मात्र मदत मागितल्याचा निवडीवर परिणाम होऊ शकतो. घातक आहे तो सल्ल्याचा दुसरा भाग. प्रवेशाच्या वेळी मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढे चारही वर्षे ती मिळणार नाही, असा अनेक महाविद्यालयांचा नियमच असतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलेला असतो. तेथील केंद्र सरकारची विद्यार्थी मदत आपल्या मुलांना मुळातच लागू नसल्यामुळे हे दार बंद झाले की दुसरे सहसा उघडत नाही.

‘वीस हजार डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली’ म्हणून पेढे वाटणाऱ्या एका पालकांना मी उरलेल्या रकमेचा हिशेब मांडून दाखवला, तेव्हा ते गप्पच झाले. नामांकित खाजगी महाविद्यालयांत राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च आता 80,000 डॉलरच्या वर जातो. त्यातून 20,000 वजा केले तरी दरसाल 50 लाख रुपयांहून अधिक रक्कम घरातून उभी करावी लागते. त्यामुळे महाविद्यालयांची यादी करताना क्रमवारीपेक्षा वजावटीनंतर काय उरते ते आधी पाहावे. केंटकी राज्यातील बेरिया महाविद्यालयाचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही, पण तेथे शिकवणी शुल्कच घेत नाहीत आणि विद्यार्थ्याला आवारात काम करावे लागते. उलट, नाव मोठे असलेल्या कित्येक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्याला गरजेवर आधारित मदत मिळत नाही.

आपल्या भागाची खरी अडचण कागदपत्रांची आहे. अनेक महाविद्यालये आर्थिक मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा अर्ज मागतात आणि त्यात उत्पन्नाबरोबर मालमत्तेचीही विचारणा असते. केळी-कापसावर चालणाऱ्या घरात शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्यामुळे विवरणपत्र भरलेले नसते, आणि रस्त्यालगतच्या चार एकरांची किंमत मात्र कागदावर कोटीत दिसते. अशा वेळी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, व्यापाऱ्याच्या दोन-तीन वर्षांच्या माल-विक्रीच्या पट्ट्या आणि बँकेचा उतारा यांचे इंग्रजी भाषांतर जोडावे. भाव पडल्यावर उत्पन्न कसे घटते आणि जमीन विकली तर घर कशावर चालणार, हे अर्जातील विशेष परिस्थितीच्या रकान्यात साध्या शब्दांत लिहावे. काही एजंट व्हिसासाठी त्याच जमिनीचे फुगवलेले मूल्यांकन करून आणतात. मदतीच्या अर्जात गरिबी आणि व्हिसाच्या कागदात श्रीमंती दाखवली, तर मुलाच्या प्रामाणिकपणावरच शंका येते, याचा विचार कोणी करत नाही.

सीएसएस प्रोफाइल अर्जाचे पहिल्या महाविद्यालयासाठी 25 डॉलर आणि पुढील प्रत्येकासाठी 16 डॉलर पडतात. हा खर्चही जड जात असेल, तर विद्यार्थ्याने स्वतः त्या महाविद्यालयाच्या आर्थिक मदत कार्यालयाला ई-मेल करून विचारावे. काही ठिकाणी सवलत किंवा विनाशुल्क पर्यायी अर्ज मिळतो. अमेरिकी सरकारच्या पाठबळाने चालणारी एज्युकेशन-यूएसए ही सल्लासेवाही प्राथमिक माहितीसाठी शुल्क घेत नाही.

बारावीच्या वर्षात नोव्हेंबर ते जानेवारी या काळात बहुतेक मुदती संपतात आणि आपल्याकडे पालकांची धावपळ बारावीच्या निकालानंतर सुरू होते. आपल्या शिक्षण पुरवणीत हे वेळापत्रक जून महिन्यातच प्रसिद्ध करावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अमळनेर (जि. जळगाव)