'आमचा एजंट' म्हणालास म्हणून

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर घराबद्दल बोलताना तू तीनदा 'आमचा एजंट' म्हणालास. तो तुमचा कधी झाला, हे विचारायचं ओठांवर आलं होतं. पण तुम्ही दोघं इतके खूश होतात की गप्प बसले. रात्री झोप लागेना, म्हणून लिहायला घेतलं.

ज्याची जाहिरात वाचून तू फोन केलास, तो घर विकणाऱ्याने नेमलेला माणूस आहे. मालकाला चांगल्यात चांगला भाव मिळवून देणं हे त्याचं काम. तो तुझ्याशी आदराने वागेल, खोटं बोलणार नाही, हेही धरून चालू. पण तू त्याच्यापाशी मन मोकळं केलंस, तर ते मालकाच्या कानावर घालणं हे त्याचं कर्तव्यच ठरतं.

हे मला कसं कळलं, ते तुला कधी सांगितलं नाही. आपलं पहिलं घर घेताना मी त्या एजंटाला विश्वासाने म्हणाले, "बोली ही आहे, पण अगदीच अडलं तर एवढ्यापर्यंत जाऊ." भाड्याची जागा महिनाअखेर सोडायची आहे, हेही सांगून बसले. दोन दिवसांनी मालकाचा निरोप आला, तो नेमका त्याच आकड्याचा. तुझे बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत, पण तो आकडा अजून मनातून गेलेला नाही. एजंटाने फसवलं असं मी म्हणणार नाही. तो कुणासाठी काम करतोय, हे मीच विचारलं नव्हतं.

असं वाटणारी मी एकटी नव्हते. ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेचा १९८३ सालचा अहवाल आहे. बहुतेक खरेदीदार घरं दाखवणाऱ्या एजंटाला आपलाच प्रतिनिधी समजत होते आणि कायद्याने तो बहुधा विक्रेत्याचा असायचा.

तुला स्वतःचा एजंट नेमता येतो. मग तुझी ऐपत, तुझी घाई, तुला मंजूर झालेलं कर्ज हे सगळं त्याने पोटात ठेवायचं आणि मालकाकडचं जे कळेल ते तुला सांगायचं. 'या घराला एवढे देऊ नका' असं तोच तोंडावर सांगू शकतो. काही ठिकाणी एजंट कुणाचीच बाजू न घेता फक्त कागदपत्रं आणि निरोप सांभाळतो. तेही चालतं, पण मग सल्ल्याची अपेक्षा ठेवायची नाही.

मला खरी भीती वाटते ती दोन्हीकडून नेमलेल्या एजंटाची. 'मीच दोघांचं बघतो, पटकन होईल' असं तो म्हणेल. अरे, मालकाला जास्त हवं आणि तुला कमी द्यायचंय, तर तो सल्ला कुणाला देणार? भावाबद्दल त्याला दोघांपाशीही मूग गिळून बसावं लागतं. कमिशन मात्र दोन्ही बाजूंचं त्यालाच मिळू शकतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने जून २०१८मध्ये ही पद्धत जवळजवळ बंदच केली. दुसरा एजंट मिळणंच कठीण अशा दुर्गम भागांपुरती सवलत ठेवली. एकाच कार्यालयातले दोन वेगळे एजंट, एक तुझा आणि एक मालकाचा, हा मधला मार्ग काही ठिकाणी असतो. तो त्यापेक्षा बरा, पण तुझी फाइल दुसऱ्याला उघडता येते का, हे विचारून घे.

जे ठरेल ते घर बघायच्या आधी आणि लेखी ठरव. अमेरिकेत १७ ऑगस्ट २०२४पासून नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या एजंटांच्या संघटनेच्या नियमानुसार खरेदीदाराला घर दाखवण्याआधी लेखी करार करावाच लागतो. त्यात एजंटाचा मोबदला स्पष्ट लिहायचा आणि तो वाटाघाटीने ठरतो, हेही नमूद करायचं असतं. तुझ्याकडे तसा नियम नसला तरी तू आग्रह धर.

करारात मुदत बघ. पहिल्याच भेटीत सहा महिने बांधून घेऊ नकोस. पटलं नाही तर बाहेर कसं पडायचं ते बघ. मालकाने तुझ्या एजंटाचे पैसे दिले नाहीत तर ते तुझ्या खिशातून जाणार का, तेही बघ. एक कलम लोक वाचतच नाहीत. करार संपल्यावरही, त्याने दाखवलेलं घर तू ठरावीक काळात घेतलंस, तर त्याला कमिशन द्यावं लागतं. ते असायला हरकत नाही, पण किती दिवस आणि कोणकोणत्या घरांसाठी, हे लिहून घे.

शनिवारी पुन्हा ते घर बघायला जाताय ना? आत पाऊल टाकण्याआधी भीड न धरता विचार, "या व्यवहारात तुम्ही कुणाचे?" मालकाचा असेल तर घर जरूर बघा, पण आवडलं हेसुद्धा त्याच्यासमोर बोलू नका. कर्जाचा आकडा तर मुळीच नको. स्वतःचा एजंट ठरला, की सही करण्याआधी मसुदा मला पाठव. मी ओळ न् ओळ वाचीन.

तुझी,
आई