मॅन्युअल छापणाऱ्या मॅक्रोंची पण दखल घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत छपाईच्या प्रवासावर आलेला लेख आवडला. निर्णयसागरच्या खिळ्यांपासून सुरुवात करून लेखक थेट डीटीपीपर्यंत येतात, वाचायला मजा आली, पण मधला एक अख्खा टप्पा त्यात नाहीये आणि तो म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांनी स्वतःची मॅन्युअल्स स्वतःच जुळवून छापायला घेतली तो काळ, आणि त्यासाठी त्यांनी केलेले मॅक्रो, म्हणजे एका नावाखाली बांधलेल्या छपाईच्या कमांडा. मी पुण्यात सॉफ्टवेअरची मॅन्युअल्स लिहायचं आणि त्यांची पानं लावायचं काम करते, रोजचा संबंध आहे, त्यामुळे राहवलं नाही. पत्र जरा लांबलंय, तुम्हाला हवं तर कापा, पण मराठीबद्दलचा भाग प्लीज ठेवा.

न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांना युनिक्स या आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी धड मशीन हवं होतं, आणि नुसती ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो म्हटलं तर पैसे मिळत नव्हते. मग त्यांच्या गटाने सांगितलं की आम्ही मजकूर लिहायची आणि छापायची सिस्टिम करून देतो, आणि त्यावर १९७० मध्ये पीडीपी-११ नावाचं मशीन मिळालं. पहिला वापर कुणी केला तर तिथल्याच पेटंट विभागाने, त्यांना अर्ज टाइप करायचे होते. म्हणजे आज आपल्या प्रत्येकाच्या फोनमागे ज्या युनिक्सचा वारसा आहे ते उभं राहिलं त्यात छपाईचा वाटा आहे, हे किती जणांना माहीत असतं? युनिक्सच्या मॅन्युअलच्या पहिल्या आवृत्तीवर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१, आणि ती त्याच मशीनवर रॉफ नावाच्या प्रोग्रामने जुळवलेली.

मग तिथल्याच जो ओसाना यांनी रॉफच्या पुढचा प्रोग्राम, ट्रॉफ लिहिलं, ते कॅट नावाच्या फोटोटाइपसेटरसाठी होतं. त्या यंत्रात फिरत्या फिल्मवर अक्षरं असायची आणि प्रकाशाचा झोत मारून एकेक अक्षर फोटोच्या कागदावर उमटवायचं, एका वेळी चारच फॉन्ट. ओसाना १९७७ मध्ये गेले. पुढे ब्रायन कर्निगन यांनी तो प्रोग्राम असा बदलला की कुठल्याही यंत्रावर चालेल, आणि १९९० च्या सुमारास जेम्स क्लार्क यांनी तेच काम ग्रॉफ म्हणून नव्याने लिहून सगळ्यांना मोकळं केलं. आज लिनक्सवर मॅन आणि पुढे कमांडचं नाव असं टाइप केलं की मॅन्युअलचं पान दिसतं ना, ते बहुतेक ठिकाणी या ग्रॉफमधूनच येतं.

पण ट्रॉफ स्वतः फार बारीक गोष्टी बोलतं, एवढी जागा सोड, फॉन्ट बदल, समास आत घे. दोनशे पानांचं मॅन्युअल अशा कमांडा हाताने टाकून कुणी लिहिणार नाही. म्हणून मॅक्रो. एका नावाखाली आठ-दहा कमांडा बांधून ठेवायच्या आणि लेखकाने फक्त ते नाव लिहायचं. जुन्या ट्रॉफमध्ये नाव जास्तीत जास्त दोन अक्षरांचं असायचं, म्हणून मथळ्याला एसएच, परिच्छेदाला पीपी, असली त्रोटक नावं पडली आणि पन्नास वर्षं टिकली. माइक लेस्क यांचा एमएस संच निबंध आणि रिपोर्टसाठी, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन यांचा एमई, आणि मॅन्युअलच्या पानांसाठी १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर डग मॅकिलरॉय यांचा मॅन संच.

मथळ्याचा हा एक मॅक्रो जरा जवळून बघा. डॉट डीई एसएच अशा ओळीने सुरू होतो, दोन डॉटांच्या ओळीने संपतो. आत काय असतं तर आधी चालू ओळ तोडायची, समास मूळ जागी आणायचा, थोडी उभी जागा सोडायची, मग येते डॉट एनई ची ओळ, म्हणजे या पानावर अजून अमुक ओळींची जागा शिल्लक आहे का बघ आणि नसेल तर पुढच्या पानावर जा. मग ठळक फॉन्ट, मग मथळ्याचे शब्द, मग परत साधा फॉन्ट आणि समास आत. ती एनईची ओळ विसरलात तर मथळा पानाच्या तळाशी एकटा लटकतो आणि त्याचा मजकूर उलटून मागे जातो. छापखान्यात जुळारी हे डोळ्याने बघून सांभाळायचा, प्रत्येक पानाला, प्रत्येक वेळी. इथे कुणीतरी एकदाच नीट विचार केला आणि ती काळजी एका ओळीत घातली, नंतर हजारो लोकांनी हजारो पानं लिहिली आणि त्यांना त्याचा विचारच करावा लागला नाही. मला या कामाबद्दल मनापासून आदर आहे, हे पुरवणीत यायला हवं होतं असं वाटतं ते याचसाठी.

यापुढचा टप्पा त्याहून मोठा. मॅन संचात कमांडचं नाव ठळक करायला बी आणि वापरणाऱ्याने भरायची जागा तिरकी करायला आय, म्हणजे मॅक्रो फक्त दिसण्याबद्दल बोलतो. बर्कलीत सिंथिया लिव्हिंगस्टन यांनी १९९० च्या आसपास एमडॉक संच केला त्यात हे उलटं केलं. तिथे लेखक ठळक-तिरकं काही सांगतच नाही, तो सांगतो की हे कमांडचं नाव आहे, एनएम, हा पर्याय आहे, एफएल, हे आर्ग्युमेंट, म्हणजे कमांडला द्यायची माहिती, एआर, ही फाइलची वाट, पीए. दिसायचं कसं ते मॅक्रो ठरवतो. फायदा काय तर ओपनबीएसडी या युनिक्सच्या वंशातल्या सिस्टिममध्ये आज मॅन्युअलांत असं शोधता येतं की अमुक नाव एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामला बाहेरून मिळणारी सेटिंग, म्हणून कुठे कुठे आलंय, नुसता शब्द म्हणून नाही. नुसतं ठळक करून ठेवलेल्या मजकुरात हे कधीच शक्य नाही, कारण ठळक का केलं ते कुठे लिहूनच ठेवलेलं नसतं.

रिचर्ड स्टॉलमन यांच्या टेक्सइन्फो या मॅन्युअल लिहायच्या पद्धतीतही हाच विचार, तिथे छपाई क्नूथ यांच्या टेक नावाच्या पानं जुळवणाऱ्या प्रोग्राममधून होते आणि त्याच फाइलमधून स्क्रीनवरचं मॅन्युअलही निघतं. त्यात भरायच्या जागेसाठी व्हार नावाची कमांड आहे, ती कागदावर तिरकी छापते आणि स्क्रीनवरच्या साध्या मजकुरात कॅपिटल अक्षरं करते. लेखकाने एकदाच लिहायचं.

आता कुणी म्हणेल एवढा कीस कशाला काढायचा, दिसायला बरं दिसलं की झालं. सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये नाही होत हो तसं. कमांडनंतर पर्यायाआधी येणारी ती छोटी आडवी रेघ घ्या. छपाईच्या नियमाने शब्द जोडणारी रेघ वेगळी, वजाची वेगळी, आणि दोन रेघा सलग आल्या की टेक त्याची एक लांब रेघ करून टाकतं, सुंदर दिसते. वाचणारा ती पीडीएफमधून कॉपी करतो, टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांडा टाइप करायच्या खिडकीत, टाकतो आणि कमांड चालत नाही, आणि का चालत नाही ते बिचाऱ्याला दिसतही नाही कारण दोन्ही रेघा डोळ्याला जवळजवळ सारख्याच. अवतरण चिन्हांचंही तेच. २०२३ मध्ये ग्रॉफची १.२३ आवृत्ती आली तेव्हा मॅन पानांमधली साधी रेघ खरोखरच छपाईची रेघ म्हणून दिसायला लागली, तिथे कमांडसाठी वेगळी खूण करायची असते ती असंख्य पानांत केलेलीच नव्हती, शेवटी डेबियन या लिनक्सवाल्यांनी आपल्याकडे ते जुन्यासारखं करून घेतलं. टेक्सइन्फोत कोड म्हणून खूण केलेल्या मजकुरात त्या दोन रेघा दोनच राहतात, कारण मॅक्रोला माहीत असतं की ही कमांड आहे, हिला सजवायचं नाही.

आता आपल्या मराठीबद्दल, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं.

मध्यंतरी पतसंस्थांना लागणाऱ्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरचं मराठी मॅन्युअल माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. पेजमेकरमधलं, जुन्या फॉन्टमधलं, युनिकोड नाही, त्यामुळे शोधायची सोय नाहीच. बटणांची नावं कुठे ठळक, कुठे अवतरणात, कुठे लाल, कुठे नुसतीच. नवीन व्हर्जनमध्ये ‘नोंद करा’ या बटणाचं नाव बदलून ‘जतन करा’ झालं होतं. आता ‘नोंद करा’ हे शब्द साध्या वाक्यातही येतात, रोजकीर्दीत नोंद करा वगैरे, ते बदलायचे नाहीत, फक्त बटण असेल तिथे बदलायचं. डीटीपी करणाऱ्या ताई आणि मी शेजारी बसून पान न पान डोळ्याने वाचून काढलं. त्या ताई कामाला अतिशय पक्क्या आहेत, चूक त्यांची नाही, हे बटण आहे असं फाइलला सांगायची रीतच त्यांना कुणी शिकवलेली नव्हती. बटणासाठी एक मॅक्रो असता तर नाव एका ठिकाणी बदलून काम संपलं असतं, आणि मॅन्युअलच्या शेवटी सगळ्या बटणांची सूची पान क्रमांकांसकट आपोआप निघाली असती, जी बँकेतल्या क्लार्कला खरी हवी असते.

आणि इंग्रजीतले मॅक्रो जसेच्या तसे उचलून आपलं भागत नाही हेही सांगायला हवं. मघाशी म्हटलं तसं व्हार कागदावर तिरकं करतं, स्क्रीनवर कॅपिटल करतं. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, आणि तिरकी देवनागरी बहुतेक फॉन्टमध्ये सरळ अक्षरं ओढून वाकवलेली असते, वाचवत नाही. म्हणजे दोन्ही युक्त्या बाद. पण खूण अर्थाची असेल तर काही अडत नाही, मराठीसाठी त्या एका मॅक्रोत ठळक करा किंवा खाली रेघ द्या किंवा करड्या पट्टीत ठेवा, लेखकाने लिहिलेल्या फाइलला हात लावायला नको. कोडसाठी जे सारख्या रुंदीचे फॉन्ट असतात त्यातल्या बहुतेकांत देवनागरी नसतेच, तिथे मॅक्रोनेच दुसरा फॉन्ट उचलायला हवा. दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीइतकं ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. आणि अक्षरांमध्ये जागा घालून ओळ ताणली की शिरोरेघा तुटतात, आपल्याकडे जाहिरातींत हे सर्रास दिसतं आणि मला दरवेळी त्रास होतो.

सगळ्यात अवघड आहेत आपले विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं. इंग्रजीत बटणाचं नाव सुटं उभं राहतं, मराठीत ‘जतन करा’वर क्लिक करा, ‘खाते’मधून बाहेर पडा, नावाला लगेच काहीतरी चिकटतंच. ट्रॉफच्या मॅक्रोची ओळ संपली की पुढच्या शब्दाआधी आपोआप जागा पडते, म्हणजे ‘जतन करा’ आणि मग मोकळी जागा आणि मग एकटा ‘वर’. मॅन संचात यावर बीआर आहे, पहिला शब्द ठळक, दुसरा साधा, मध्ये जागा नाही, एमडॉकमध्ये एनएस आहे. इंग्रजीवाल्यांना हे मुख्यतः स्वल्पविराम आणि कंस चिकटवायला लागतात, आपल्याला जवळजवळ प्रत्येक वाक्यात लागणार. तेव्हा मराठीचा मॅक्रो लिहिताना प्रत्ययासाठी वेगळी जागा पहिल्यापासूनच ठेवायला पाहिजे, नंतर ठिगळ लावून जमत नाही.

साधनं नाहीत असंही आता म्हणता येत नाही. टेकमध्ये देवनागरी छापायची सोय नेदरलँड्समध्ये फ्रान्स वेल्थुइस यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच केली होती, तेव्हा रोमन अक्षरांत टाइप करून ते आधी दुसऱ्या प्रोग्रामातून काढावं लागायचं. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांचं झीटेक, म्हणजे टेकचाच युनिकोड समजणारा अवतार, आलं आणि सरळ युनिकोड मराठी टाइप करून छापता यायला लागलं. फॉन्टला भाषा मराठी आहे एवढं सांगितलं की, फॉन्टमध्ये सोय असेल तर, आपल्या वळणाचा ल आणि श येतो, हिंदीचा नाही. हे सगळं फुकट आहे. आणि ज्यांना कमांडा लिहायच्या नाहीत त्यांनी वर्डमध्ये किंवा इनडिझाइनमध्ये स्टाइल वापरावी, फक्त त्या स्टाइलचं नाव ‘लाल ठळक’ न ठेवता ‘बटण’ ठेवावं, अर्धं काम तिथेच होतं.

माझी विनंती एवढीच की पुरवणीत या विषयावर एक लेख यावा, आणि मुद्रणतंत्राचे डिप्लोमा आणि डीटीपीचे क्लास चालवणारी जी मंडळी तुमचा पेपर वाचतात त्यांनी अभ्यासक्रमात हे निदान आठवडाभर तरी शिकवावं, फॉन्ट आणि कोरलड्रॉच्या जोडीला. आपल्याकडे पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाने सगळीकडे मराठीतून चालणारं सॉफ्टवेअर आलंय, त्याची मॅन्युअल्स शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे वाचतात आणि ती दरवर्षी बदलतात.

झीटेकसाठी बटण, मेनू, फाइल आणि भरायची जागा अशा खुणांचे मराठी मॅक्रो, प्रत्ययाच्या सोयीसकट, मी लिहून वापरतेय. कुणाला हवे असतील तर तुमच्यामार्फत कळवावं, फाइल पाठवून देईन, आणि रफार जिथे अजून वरच्या ओळीला लागतो अशी पानं कुणाला सापडली तर ती मला जरूर पाठवा.

आपली,
एक टेक्निकल रायटर
कोथरूड, पुणे