आई-बाबांना, भुसावळहून

भुसावळ, 28 मे

प्रिय आई आणि बाबा,

प्रभू येशूच्या नावात तुम्हां दोघांना सलाम.

आई, तू फोनवर विचारतेस, "कामाचं कसं चाललंय?" आणि मी "बरंय" म्हणून विषय बदलतो. गेले दोन महिने ते खरं नव्हतं. आज सुट्टी आहे, म्हणून लिहायला बसलोय. धाकटीला म्हणावं, सावकाश वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नकोस.

बाबा, माझं काम काय असतं ते मी तुम्हांला कधी नीट सांगितलंच नाही. पोरगा रेल्वेत लागला, एवढंच गावात माहीत. मी कीमन आहे. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल-हिरव्या झेंड्या आणि फटाके. सावद्याच्या बाजूला माझा पट्टा आहे, दोन्ही अंगाला केळीच्या बागा. जाताना एका रुळाकडे बघत जायचं, येताना दुसऱ्या. रुळाला खालच्या आडव्या स्लीपरशी धरून ठेवणारी लोखंडी चावी असते, ती कुठे ढिली झाली असली की ठोकून बसवायची. एका किलोमीटरला सोळाशेच्या वर स्लीपर, आणि प्रत्येकावर नजर गेलीच पाहिजे.

उन्हाळ्यात त्यात दुपारची गस्त येते. रूळ हवेपेक्षा 15-20 अंशांनी जास्त तापतो. भुसावळला 45 असलं की रुळाला बोट लावता येत नाही. पोलाद तापून वाढतं आणि वाढायला जागा मिळाली नाही की अख्खा रूळ सापासारखा बाजूला वळतो. तसं दिसलं तर गाडी येणार त्या दिशेने पळायचं. 600 मीटरवर रुळाला एक फटाका बांधायचा, 1200 मीटरवर दहा-दहा मीटर सोडून तीन. इंजिनाखाली ते फुटले की ड्रायव्हरला कळतं. माझ्यावर अजून पळायची वेळ आलेली नाही. पण पायांत तेवढं बळ रोज राखून ठेवावं लागतं. ते राखूनच मी संपलो होतो.

आमच्यातले दोघे आजारी पडले, त्यांचा भारही वाटून घेतला. रात्री खोलीत पंखा गरम वारा फेकायचा, झोप लागायची नाही. प्रार्थनेला गुडघे टेकले की डोळ्यांपुढे स्लीपरच येत. आई, तू निघताना 121वं स्तोत्र पाठ करून घेतलं होतंस ना, "दिवसा सूर्याची व रात्री चंद्राची तुला बाधा होणार नाही." मी त्या ओळीवर चिडलो होतो. माझ्यासोबतचा माणूस ऊन लागून खाली बसला, त्याला आम्ही उचलून सावलीत नेला, आणि त्या रात्री मी ते पान उघडलं नाही. पुढे कित्येक रात्री नाही.

एका रविवारी ड्युटी लवकर सुटली म्हणून संध्याकाळच्या उपासनेला गेलो. बाहेरून आलेले एक उपदेशक म्हणाले, ज्याचा विश्वास पक्का तो थकत नाही. मी मागच्या बाकावर होतो, तिथूनच उठून बाहेर आलो. त्यांना वाईट म्हणत नाही, पण ते बोलले ते मला आजही खरं वाटत नाही. येशू स्वतः याकोबाच्या विहिरीपाशी दमून बसला होता आणि त्याने एका बाईकडे पाणी मागितलं होतं. दमणं पाप असतं तर तो तसा बसलाच नसता.

त्याच आठवड्यात मी राजीनामा लिहिला. तुम्हांला न विचारता. चार दिवस तो कागद खिशात होता, घामाने त्याच्या घड्या फाटत आल्या होत्या.

आता त्या दुपारचं सांगतो. जेवणाच्या सुट्टीत आमची गँग लाइनीलगतच्या निंबाखाली बसते. मी डबा न उघडताच आडवा झालो आणि मनात म्हणालो, प्रभू, आता पुरे, मला यातून काढ. तिथेच डोळा लागला. कोणीतरी खांद्याला हात लावला. आमचे मेट होते, म्हणजे गँगचे मुकादम. पुढच्या वर्षी रिटायर होतील, कपाळाला बुक्का, मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जाणारा माणूस. माझ्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून त्यांनी स्वतःचा रुमाल फांदीला बांधला होता. उशाशी बागेतल्या माठातून भरून आणलेली बाटली होती, आणि त्यांच्या डब्यातली कळण्याची भाकर. म्हणाले, "उठ भो, खाऊन घे. अजून लांब चालायचंय."

बाबा, मला पुढे बोलताच येईना.

तुम्हांला बारडोलीकडचा ऊसतोडीचा पडाव आठवतो? मी सात-आठ वर्षांचा असेन. रात्री-अपरात्री ट्रक आला की तुम्ही दोघं उठून उसाच्या मोळ्या डोक्यावरून चढवायचात. एका रविवारी चुलीपुढे बसून तुम्ही बायबलातल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट सांगितली होती. ईजबेल राणीच्या भीतीने तो रानात पळाला, झुडपाखाली पडला आणि "आता पुरे, माझा जीव घे" म्हणाला. मग देवदूताने त्याला हात लावून उठवलं. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी होतं. तो जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूताने त्याला झोपू दिलं. मग पुन्हा उठवलं, पुन्हा खाऊ घातलं, आणि सांगितलं की तुझी वाट लांब आहे. तेव्हा तुम्ही निखाऱ्यांवरची भाकर उलटून म्हणाला होता, "बघ, देव त्याला रागावला नाही. आधी जेवू घातलं." आई, तू हसलीस आणि ती भाकर मला दिलीस. तुमच्या हाताला कोयत्याचे घट्टे होते आणि त्यात राख भरलेली होती. एवढं मला स्पष्ट आठवतं.

इतक्या वर्षांत मी ती गोष्ट एलीयाची समजत होतो. त्या दुपारी निंबाखाली मला भाकर जड झाली. गिळता गिळता रडलो. मेट काही न विचारता पाठीवर हात ठेवून बसले.

ऊन कमी झालं नाही. उरलेला पट्टा चालून संपवावाच लागला, एलीयालाही होरेब डोंगरापर्यंत चाळीस दिवस चालावंच लागलं होतं. पण मी प्रभूकडे सुटका मागायचं सोडलं आणि त्या दिवसापुरतं बळ मागायला लागलो. चावी ठोकताना एकेक नाव घेतो: तुमचं, धाकटीचं, आजारी सोबत्यांचं, समोरून जाणाऱ्या गाडीत झोपलेल्या माणसांचं. 121वं स्तोत्रही पुन्हा म्हणतो. ते मुळात यरुशलेमेला चढून जाणाऱ्यांचं गीत आहे, उन्हातून चालणाऱ्यांनी चालताना म्हटलेलं. घरात बसून ते म्हणताना मला हे कधी जाणवलं नव्हतं.

डॉक्टरला दाखवून आलो. रक्त कमी निघालं, गोळ्या सुरू आहेत, घाबरू नका. आठवड्याची सुट्टी आता दुसऱ्याला देत नाही. शब्बाथाच्या आज्ञेत चाकराला आणि बैलालाही विसावा सांगितलाय, मग मीच तो का मोडावा? राजीनाम्याचा कागद चुलीत घालायला घरी घेऊन येतोय.

बाबा, तेच तुम्हांलाही सांगायचं आहे. धाकटी म्हणाली, भर दुपारी बांध घालता. पेरणीआधी व्हायला हवं हे कळतं, पण सकाळी अकराला घरी या. तुमची कमाई आम्ही दोघं खातोय, आता आमची तुम्ही खा.

पुढच्या शनिवारी सुरतच्या पॅसेंजरने नवापूरला उतरतो. अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत असलेल्या त्या बाकड्यावर मला न्यायला येऊन बसू नका, ऊन असतं. मी चालत येईन. आई, घरची तूरडाळ उरली असेल तर दोन किलो बांधून ठेव. मेटच्या घरी द्यायची आहे.

तुमचा,
थोरला