जन्माचं वजन विचारता का कधी?

मा. संपादक, स.न.वि.वि.

माझा मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत आहे. मध्यंतरी खोकल्यासाठी डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी सहज बीपी बघितलं, १३६/८४. मग पुढच्या आठवड्यांत परत दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा १३० च्या वरच. (तेराच्या पुढच्या मुलांत १३०/८० च्या वर जास्त धरतात म्हणे, पण एकदा मोजून ठरवत नाहीत, आणि पट्टा दंडाच्या मापाचा लागतो.) नंतर त्यांनी विचारलं, जन्माचं वजन किती होतं? मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं.

२ किलो १०० ग्रॅम! विसरेन कशी, दिवस पूर्ण भरलेले आणि पोर एवढंसं. सासूबाई म्हणाल्या बाळसं धरलं पाहिजे, मग काय तूप, साखर, खीर, रडला की दे बिस्कीट, आणि तीन वर्षांचा होईपर्यंत असा गुटगुटीत झाला की येणारा-जाणारा गाल ओढायचा आणि मला धन्य वाटायचं. आज ७८ किलो आहे.

डॉक्टर म्हणाले घोळ इथेच आहे. पोटात असताना पोषण कमी पडलं तर बाळ मेंदू आधी वाचवतं, बाकीच्यात काटकसर करतं. किडनीतल्या गाळण्या कमी बनतात आणि जन्मानंतर नवीन होत नाहीत, त्यामुळे पुढे बीपी वाढायला वाव राहतो. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर नावाच्या संशोधक डॉक्टरांनी हर्टफर्डशायरची जुनी बाळंतपणाची रजिस्टरं काढून बघितली तर हलकी जन्मलेली माणसं हार्टने जास्त गेलेली, हे १९८९ चं. पण मला खरा धक्का बसला तो पुण्याचं ऐकून. तिथल्या केईएम हॉस्पिटलमध्ये जन्मलेली ४७७ मुलं मधुमेहतज्ज्ञ डॉ. याज्ञिक वगैरे मंडळींनी आठव्या वर्षी तपासली, १९९९ साली छापून आलं, तर कोलेस्टेरॉल आणि इन्सुलिनचा बिघाड सगळ्यात जास्त कुणात? जन्माला हलकी आणि आठव्या वर्षी अंगाने भरलेली त्यांच्यात. म्हणजे आमचंच पोर की! आणि आपली बाळं साधारण २.७ किलोची, इंग्लंडची ३.५ ची, तरी आपल्या बाळांची चरबी त्या मानाने कमी नसते, हातपाय तेवढे काड्या.

हलकं जन्मलं म्हणजे हार्टचा त्रास होणारच असं अजिबात नाही, आणि फार जड बाळांनाही पुढे वजन-शुगरचा धोका असतोच. पण अडीच किलोच्या आतलं असेल तर बीपी बघत राहावं, मीठ-वेफर्स आवरावेत, खेळायला पाठवावं, एवढं मला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर? शाळेत दरवर्षी तपासणी झाली, दात बघितले, डोळे बघितले, उंची लिहिली. बीपीचा पट्टा दहा वर्षांत एकदाही नाही.

शाळेच्या हेल्थ कार्डावर जन्माचं वजन असा एक रकाना टाकायला काय लागतं? बहुतेक आयांना तोंडपाठ असतं, नसेल तर ट्रंकेत जुनं लसीकरणाचं कार्ड असतं, तेवढं टाकून देऊ नका बायांनो.

नाव देत नाही, कारण चिरंजीवांनी बजावलंय की वर्गात पेपर येतो.

आपली वाचक,
सातारा