मुदत फक्त विद्यार्थ्यालाच का?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्यास मुदतवाढ मिळाल्याची बातमी जवळजवळ दरवर्षी वाचायला मिळते आणि तिच्यासोबत ‘विद्यार्थ्यांनी शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये’ असे आवाहनही असते. आवाहन योग्यच आहे. मात्र भरलेला अर्ज किती दिवसांत तपासला जावा आणि मंजूर झालेली रक्कम किती दिवसांत खात्यावर जमा व्हावी, याविषयी कोणी एखाद्या कार्यालयाला असेच जाहीर आवाहन केल्याचे माझ्या वाचनात नाही. तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात शिष्यवृत्तीचे टेबल सांभाळण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली. त्या अनुभवावरून या एकतर्फी मुदतीविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

ज्यांच्या घरातले कोणी याआधी महाविद्यालयात गेलेले नाही, त्यांना अर्जाचा प्रवास सहसा ठाऊक नसतो. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, व्यावसायिक अभ्यासक्रम असल्यास जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र, मागील वर्षाची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका, कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीचे अलॉटमेंट लेटर आणि मधले एखादे वर्ष वाया गेले असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र, एवढे सगळे स्कॅन करून अपलोड झाले की अर्ज महाविद्यालयाच्या लिपिकाच्या लॉगिनला येतो. तिथून तो प्राचार्यांच्या लॉगिनला आणि पुढे संबंधित विभागाकडे जातो. हा विभाग कुणासाठी समाजकल्याणचे सहायक आयुक्त, कुणासाठी आदिवासी विकासचे प्रकल्प कार्यालय, तर कुणासाठी उच्च किंवा तंत्रशिक्षणाचे सहसंचालक कार्यालय असतो. त्यानंतर देयक तयार होते, निधीची तरतूद असेल तर ते मंजूर होते आणि मग रक्कम खात्याकडे निघते. यांपैकी कोणत्याही टेबलावरून अर्ज ‘सेंट बॅक’ होऊ शकतो आणि त्याचे कारण बहुधा ‘डॉक्युमेंट नॉट क्लिअर’ अशा तीन-चार शब्दांत असते. उत्पन्नाच्या दाखल्याचा बारकोड क्रमांक अर्जात भरून घेण्याची सोय पोर्टलवर आहे, तरी त्याच दाखल्याचे स्कॅन पुसट आले म्हणून परत आलेले अर्ज मी पाहिले आहेत. परत आलेला अर्ज दुरुस्त करून पाठवायला विद्यार्थ्याला तारीख असते. तो परत पाठवायला टेबलाने दोन महिने घेतले, तर त्या दोन महिन्यांचा जाब विचारण्याची सोय नसते.

या व्यवस्थेमागचा हेतू मला नाकारायचा नाही. आधीच्या ई-स्कॉलरशिपच्या काळात काही संस्थांनी कागदावरचे विद्यार्थी दाखवून शिष्यवृत्तीची रक्कम उचलल्याचे आरोप झाले, चौकशीसाठी विशेष पथक नेमावे लागले, आणि म्हणून पैसा थेट लाभार्थ्याच्या आधार-संलग्न खात्यात जावा असे ठरले. २०१७-१८ मध्ये महाडीबीटी सुरू झाले, तेव्हा पहिल्या वर्षी इतका गोंधळ झाला की शेवटी अर्ज ऑफलाइन घेण्याची पाळी आली. त्यानंतर पोर्टल बरेच सुधारले, हेही मान्य करायला हवे. पण पैसा थेट खात्यात जाणे म्हणजे नेमक्या कोणत्या खात्यात जाणे, हे विद्यार्थ्याला कोणी नीट समजावून सांगत नाही. अर्जात आपण ज्या बँकेचे पासबुक जोडतो, तिथेच पैसे येतील अशी सर्वांची समजूत असते. प्रत्यक्षात एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या, यादीत आपला आधार क्रमांक ज्या बँकेशी जोडलेला असेल, त्या खात्यात रक्कम जाते. बँकेत केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली म्हणजे ही जोडणी झाली असे नाही. तिच्यासाठी वेगळा संमती अर्ज द्यावा लागतो.

आमच्याकडे बी. एस्सी.ला असलेल्या एका विद्यार्थिनीच्या अर्जासमोर रक्कम वितरित झाल्याचे दिसत होते आणि तिने आणलेल्या पासबुकात मात्र एक रुपयाही नव्हता. शोध घेतल्यावर कळले, की पाचवीत असताना शाळेने शिष्यवृत्तीसाठी गावातल्या बँकेत तिचे झिरो बॅलन्सचे खाते उघडून दिले होते आणि आधार तिथेच जोडलेला राहिला होता. ते खाते आईच्या सहीवर, अज्ञान पाल्याचे म्हणून उघडलेले होते. मुलगी आता सज्ञान झाली होती आणि सात-आठ वर्षांत खात्यावर कोणताच व्यवहार झालेला नव्हता. पुन्हा केवायसी, नवा फोटो, सहीचा नवा नमुना आणि नावात वडिलांच्या नावाचे स्पेलिंग वेगळे पडले म्हणून आणखी एक अर्ज, असे सारे होऊन पैसे हातात पडेपर्यंत तिचे पुढचे सत्र सुरू झाले होते. या प्रकरणात कोणीही लबाडी केली नव्हती. प्रत्येक जण आपापल्या नियमाने वागला होता. फक्त अर्ज भरतानाच ‘तुमचा आधार अमुक बँकेशी जोडलेला आहे, तेच खाते चालू आहे ना?’ असे तिला समोर बसवून विचारण्याचे काम कोणत्याच कार्यालयाचे नव्हते.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत तर आणखी एक पेच आहे. १९४४ पासून चालत आलेल्या या योजनेची रचना केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये बदलली आणि केंद्राचा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के हिस्सा ठरला. वर्षानुवर्षे राज्यांवर पडत गेलेला बोजा त्यामुळे हलका झाला, हे चांगलेच झाले. मात्र एकाच विद्यार्थ्याचे पैसे दोन दिशांनी आणि वेगवेगळ्या वेळी येऊ लागले. केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातले शुल्क त्याने महाविद्यालयात नेऊन भरावे अशी अपेक्षा असते. वडील ऊसतोडीला गेलेले, घरी कुणाचे तरी आजारपण, अशा वेळी खात्यात अचानक काही हजार रुपये आले, तर त्यांतले किती शुल्काचे आणि किती निर्वाहाचे हे बँकेच्या संदेशातून उमगत नाही. ते खर्च झाले की महाविद्यालयाच्या दृष्टीने विद्यार्थी थकबाकीदार ठरतो. व्यावसायिक पदवीच्या वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याचा निर्वाह भत्ता या योजनेत वर्षाला १३,५०० रुपये आहे, म्हणजे महिन्याला ११२५ रुपये. पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात एवढ्यात दोन वेळची मेसही भागत नाही. त्यात ही रक्कम वर्ष सरताना आली, तर वर्षभर जेवायचे कशावर, हा प्रश्न उरतोच.

या विलंबाचा भार अखेर प्रवेश आणि परीक्षा या दोन खिडक्यांवर येऊन पडतो. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी पूर्ण शुल्काची मागणी करू नये, अशा सूचना शासनाकडून वारंवार निघाल्या आहेत. मूळ कागदपत्रे अडवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये स्पष्ट बजावले आहे. तरीही ‘आधी बाकी भरा, मग हॉल तिकीट’ हे वाक्य ज्याने ऐकलेले नाही असा शिष्यवृत्तीधारक विरळा. संस्थाचालकांची बाजूही अगदीच खोटी नाही. विनाअनुदानित महाविद्यालयाचे पगार शुल्कातून होतात आणि शासनाकडून येणे असलेली रक्कम वर्षभर अडकली की तिथला प्राध्यापकही बिनपगारी राहतो. पण शासन आणि संस्था यांच्यातल्या देण्याघेण्याचा तगादा अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामागे लावणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

मुलींच्या बाबतीत राज्य शासनाने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने मोठे पाऊल टाकले. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काचा लाभ ५० टक्क्यांऐवजी १०० टक्के मिळू लागला. त्याचे मनापासून स्वागत आहे. परंतु ‘मुलींना मोफत उच्चशिक्षण’ असे मथळे वाचून आलेल्या पालकांना विकास शुल्क, खोलीचे भाडे, मेस, एस.टी.चा पास हे सगळे या लाभाबाहेर असल्याचे खिडकीवर सांगण्याची वेळ लिपिकावर येते. शुल्काच्या निम्म्या सवलतीच्या ज्या योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे, त्या महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहे उभी केली, कारण खेड्यातल्या मुलाची अडचण राहण्या-जेवण्याची आहे हे त्यांनी ओळखले होते. आजही निर्वाहाच्या योजना आहेत, समाजकल्याणची स्वाधार आहे, डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. पण त्यांचीही रक्कम जून-जुलैत, म्हणजे खोलीचे डिपॉझिट भरायच्या वेळी, हातात नसते.

माझी सूचना अगदी साधी आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम लागू आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत मिळाली नाही, तर नागरिकाला प्रथम अपील, द्वितीय अपील आणि त्यापुढे राज्य सेवा हक्क आयोगाकडे जाता येते. दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिष्यवृत्तीसाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला या कायद्याच्या बळावर मागता येतो. मग त्या दाखल्यावर मिळणारी शिष्यवृत्तीही त्याच बळावर, टप्प्याटप्प्याने, का मागता येऊ नये? महाविद्यालयाच्या लॉगिनला पंधरा दिवस, विभागाच्या लॉगिनला तीस दिवस आणि मंजुरीनंतर रक्कम जमा होण्यास आणखी तीस दिवस, अशी प्रत्येक टप्प्याची मुदत अधिसूचनेत स्पष्ट असावी. मुदत उलटली की अर्ज कोणाच्या टेबलावर किती दिवसांपासून आहे, हे विद्यार्थ्याच्या मोबाइलवर आपोआप यावे. निधीच नसेल तर तसे लेखी कळवावे, म्हणजे ते पत्र दाखवून विद्यार्थ्याला महाविद्यालयाकडे सवलत मागता येईल. पुरवणी मागण्यांची, म्हणजे विधिमंडळाकडून जादा निधी मंजूर होण्याची, वाट पाहणे प्रशासनाला परवडते, मेसवाल्याला परवडत नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की महाविद्यालयांत लिपिकांची पदे रिकामी आहेत आणि समाजकल्याण कार्यालयांत एकेका कर्मचाऱ्याकडे हजारो अर्ज असतात. तो आक्षेप खरा आहे, मी त्याच खुर्चीत बसत होतो. परंतु पदे भरली गेली नाहीत याची किंमत आज विद्यार्थी मोजतो आहे आणि ती किती मोठी आहे याची कुठेच नोंद होत नाही. मुदत बंधनकारक झाली, तर निदान उशिराची नोंद होईल आणि कोणत्या कार्यालयात माणसे कमी आहेत, हे त्या नोंदीतून सरकारला दिसेल.

हे होईपर्यंत दोन गोष्टी या वर्षीच करता येण्यासारख्या आहेत. प्रवेशाच्या दिवसांत प्रत्येक महाविद्यालयाने जवळच्या बँकेचा किंवा टपाल खात्याच्या पेमेंट बँकेचा कर्मचारी एक दिवस बोलावून नव्या विद्यार्थ्यांची आधार जोडणी तपासून घ्यावी. आणि विद्यापीठांनी परीक्षेचे अर्ज भरून घेतानाच प्राचार्यांकडून असे लेखी घ्यावे, की शिष्यवृत्ती प्रलंबित असलेल्या एकाही विद्यार्थ्याचे हॉल तिकीट त्या कारणाने रोखलेले नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कार्यालयीन अधीक्षक, बार्शी (जि. सोलापूर)